नजरचुकीने

ही गोष्ट मी इतकी वर्षं टाळली. बायकोला अर्धी सांगितली, मुलाला त्याहून कमी. लिहायला बसलो की दुसरंच काहीतरी आठवायचं. गॅसचं बुकिंग, बीपीची गोळी, कुणाच्या तरी घरची वास्तुशांत. आता गुडघे गेलेत, एका डोळ्यात मोतीबिंदू आहे आणि टाळायला कामंही उरली नाहीत. म्हणून सांगतो.

सुरुवात माझ्या अपमानापासून करतो. तो सांगणं त्यातल्या त्यात सोपं आहे.

मी तेव्हा तिशीत होतो. नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला, हजेरीच्या कामावर होतो. लहानपणी पोलिओनं डावा पाय गेलेला. पायात लोखंडी पट्ट्यांचं कॅलिपर, काखेत कुबडी. आमची कॉलनी नवी, गणपती नवा, आणि मंडळाला कार्यक्रमाचं निवेदन करायला माणूस हवा होता. माझा आवाज चांगला आहे असं सगळे म्हणायचे. मी नवा सफारी शिवून घेतला. संध्याकाळी स्टेजच्या पायऱ्या चढलो. पायऱ्या म्हणजे मंडपवाल्यानं ठोकलेल्या फळ्या. मला वेळ लागला. समोर सगळी कॉलनी सतरंज्यांवर बसलेली. माइकपाशी पोहोचलो, कुबडी नीट टेकवली, तेवढ्यात भाऊ आले.

भाऊ म्हणजे मंडळाचे अध्यक्ष. बांधकामाचे ठेकेदार. अर्धी कॉलनी त्यांनीच बांधलेली. त्यांनी माइकवर हात ठेवला, पण पुरता ठेवला नाही. पुढच्या चार रांगांना सगळं ऐकू गेलं.

"अहो, असं पुढं नका उभं राहू. शुभकार्य आहे. गणपतीसमोर लंगडं बरं दिसत नाही. आवाज तुमचा एक नंबर आहे. तो विंगेतून येऊ द्या ना. माणूस कशाला दिसायला पाहिजे?"

पहिल्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. एक बाई "अगं बाई" म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला. माझी बायको तिसऱ्या रांगेत होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

आत गेलो. कुबडी फळ्यांवर वाजत होती. तेवढाच आवाज. मग पडद्यामागून मी "नमस्कार रसिकहो" म्हणालो आणि टाळ्या पडल्या.

त्या टाळ्यांनी माझं वाटोळं केलं.

कारण त्या मला आवडल्या. दुसऱ्या वर्षी मी स्वतःहून विंगेत गेलो. तिसऱ्या वर्षी तिथं माझ्यासाठी खुर्ची होती, टेबलफॅन होता, मध्ये चहा यायचा. पोरं मला माइकवाले काका म्हणायला लागली. भाजीबाजारात कुणीतरी म्हणायचं, "तुमचा आवाज ऐकला अन् ओळखलं." मी खूश. भाऊ प्रत्येक मीटिंगमध्ये माझ्याकडे बोट दाखवायचे. "बघा, किती समजूतदार माणूस. कधी तक्रार नाही." हा शब्द मी वर्षानुवर्षं छातीवर बिल्ल्यासारखा मिरवला. समजूतदार. सांगितलं तिथं बसतो, का ते विचारत नाही, तो समजूतदार.

आभारप्रदर्शन ही माझी खासियत. कागद कधी हातात घेतला नाही. मंडपवाले, लाइटवाले, पाण्याचा टँकर देणारे, सतरंज्या देणारे, पोलीस चौकी, प्रसादाचा शिरा करणाऱ्या वहिनी, सगळे तोंडपाठ. आणि शेवटी ते ठरलेलं वाक्य. "नजरचुकीने कुणाचं नाव राहून गेलं असेल, तर मंडळ दिलगीर आहे." प्रत्यक्षात माझ्याकडून कुणाचंही नाव कधी राहिलं नाही. वाक्य आपलं रीत म्हणून.

अशी बरीच वर्षं गेली. मग कल्याणी आली.

मागच्या गल्लीत तिचं घर. वडील रिक्षा चालवायचे, मूळचे लासलगावकडचे. जन्माच्या वेळी तिच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला होता. हात वळलेले, मान एका अंगाला, चाकाची खुर्ची. बोलणं सावकाश. शब्द ओढत ओढत यायचा, पण पुरा यायचा. माझ्या तीन वाक्यांच्या वेळात तिचं एक व्हायचं. मुक्त विद्यापीठातून बी.ए. करत होती. एका संध्याकाळी वडिलांनी तिची खुर्ची माझ्या ओट्यापाशी आणून लावली.

"काका, यंदा निवेदन मला करायचंय."

मी हसलो. ती हसली नाही.

"पुढून," ती म्हणाली.

"अगं, लोकांना थांबावं लागेल तुझं ऐकायला."

"नगरसेवक तासभर बोलतात. त्यांच्यासाठी थांबतातच ना? त्यांना तर सांगायचंही काही नसतं."

वडील म्हणाले, "सर, मी मंडपवाल्याला इचारलंय. दोन फळ्या जास्तीच्या टाकल्या का उतार होतो. तो म्हनला, त्याच्यात काय एवढं."

पुढचा महिनाभर ती रोज संध्याकाळी आली. मी तिला श्वास कुठं घ्यायचा ते शिकवलं, माइक किती लांब धरायचा ते सांगितलं. लिहायला तिला शिकवावं लागलं नाही. मोबाइलवर एका बोटानं टाइप करायची आणि मला वाचून दाखवायची. माझं निवेदन म्हणजे "चला तर मग, वळू या पुढच्या पुष्पाकडे." तिचं तसं नव्हतं. बालवाडीच्या नाचाआधी तिनं लिहिलं होतं, "या मुलांना नाच शिकायला एक महिना लागला. विसरायला फक्त स्टेज लागेल." मंगळागौरीच्या खेळांना लिहिलं होतं, "या बायकांच्या गुडघ्यांची औषधं वेगवेगळी आहेत. फुगडी एकच आहे." माझी बायको आतून हसत बाहेर आली आणि तिच्यापाशी ओट्यावरच बसली. रोज बसायला लागली.

मलाही सगळं पाठ होत गेलं.

मग मीटिंग झाली. त्या वर्षी मंडळानं 'दिव्यांग बांधवांचा सत्कार' ठेवला होता. मोठा फ्लेक्स लागला होता. त्या सत्कारात माझं नाव नव्हतं, आणि ते असावं असं मलाही वाटलं नाही. मी मंडळाचा माणूस. मी त्यांच्यातला नाही, हे मीच कधीतरी ठरवून टाकलं होतं.

कल्याणीचं मी सांगितलं. भाऊ म्हणाले, "तिचा सत्कार करू ना आपण! शाल, नारळ, स्टीलचा डबा. पोरं खुर्चीसकट उचलून वर आणतील. फोटो झाला की खाली ठेवतील. पण निवेदन? अहो, लाळ गळते तिची. केबलवाले शूटिंगला येणारेत."

कुणीतरी म्हणालं, "मग आतून बोलू द्या की. यांच्यासारखं."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"वा! सुटला प्रश्न," भाऊ म्हणाले. "तुम्हीच समजवा तिला. तुमचं ऐकेल ती. तुम्ही समजूतदार आहात."

तिथं मी बोलायला हवं होतं. उतार दोन फळ्यांचा आहे, एवढं तरी म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "बघतो."

तसाच तिच्या घरी गेलो. खुंटीवर नवा ड्रेस अडकवलेला होता. तिच्या आईनं स्वतः शिवलेला, खुर्चीत बसून घालता येईल असा, पाठीमागून बटणं असलेला. मला माझा सफारी आठवला. आठवूनही मी बोललो.

"कल्याणी, पडद्यामागून बोलण्यात कमीपणा कसला? मी नाही का इतकी वर्षं बोलत? शेवटी आवाज महत्त्वाचा."

तिला उत्तर द्यायला वेळ लागला. तो वेळ मला सोसवेना.

"काका, तुम्ही आत बसलात. म्हणून ते मलाही आत बसवतायत."

मी कुबडी उगाच सरळ केली.

"तुम्ही तेव्हाच नाही म्हणाला असता तर?"

खरं सांगतो, मला राग आला. भाऊंचा नाही आला. तिचा आला. मी म्हणालो, "तुला जमणार आहे का पण तिथं? हसतील लोक."

भाषा भाऊंची होती. तोंड माझं होतं. तिच्या आईनं चहा ठेवला होता, तो मी न घेता निघालो.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी ती आली. नवा ड्रेस, केसांत अबोली. उताराच्या फळ्या कुठंच नव्हत्या. वडिलांनी तिची खुर्ची पायऱ्यांच्या पायथ्याशी लावली आणि बाजूला उभे राहिले. ती भाऊंना म्हणाली, "मी आत बसणार नाही. आणि मला उचलायचंही नाही."

भाऊंनी वाक्य संपेपर्यंत वाट पाहिली नाही. माझ्याकडे वळले. "आता काय, कार्यक्रम थांबवायचा का हिच्यासाठी? घ्या माइक."

मी घेतला.

विंगेत जाऊन बसलो. पंखा चालू होता. आणि मी बोलायला लागलो ते तिचं निवेदन. माझं जुनं होतं की, दरवर्षीचं, पुष्प वगैरे. ते म्हणता आलं असतं. पण तिचं चांगलं होतं. मला टाळ्या हव्या होत्या. बालवाडीच्या वाक्याला लोक हसले. फुगडीच्या वाक्याला बायकांनी शिट्ट्या मारल्या. भाऊ आत आले आणि पाठ थोपटली. "आज काय सुटलायत तुम्ही!"

पडद्याच्या फटीतून मला ती दिसत होती. तिचे ओठ हलत होते. प्रत्येक वाक्याला. माझं वाक्य संपून जायचं, तिचं चालूच असायचं.

सत्कार सुरू झाला. एका अंध आजोबांना दोघांनी दंडाला धरून वर आणलं आणि फोटोसाठी त्यांची हनुवटी कॅमेऱ्याकडे वळवली. मग चार पोरं कल्याणीकडे गेली. खाली वाकली. तिनं वळलेल्या हातानं चाक धरलं. पोरांना वाटलं लाजतेय. एकानं खुर्ची उचलायला घेतली, तर ती ओरडली. "नको." पोरं मागं सरली. भाऊ माइकवर म्हणाले, "असू द्या, असू द्या, जरा हट्टी आहे आमची कल्याणी." लोक मायेनं हसले. त्या हसण्याचा मला फिसकन हसण्यापेक्षा जास्त राग यायला हवा होता. आला नाही.

राहिलं आभारप्रदर्शन. मी मनाशी ठरवलं होतं, हे तरी करायचं. निवेदनाचं लेखन, कल्याणी. तीन शब्द. भाऊ शेजारी उभे होते. माझ्या मनातलं त्यांना कसं कळलं कोण जाणे. कानाशी आले. "तिचं नाव नका घेऊ हां आता. लोक विचारतील ती कुठंय, वर का नाही. उगाच तमाशा."

मी सुरू केलं. मंडपवाल्यांचे आभार मानले. लाइटवाल्यांचे मानले. टँकरचे, सतरंज्यांचे, चौकीतल्या साहेबांचे. शिरा करणाऱ्या वहिनींचे. जनरेटरवाल्याचे मानले, जनरेटर लागलाच नव्हता तरी. आणि मग सवयीनं, त्याच लयीत, त्याच गोड आवाजात म्हणालो, "नजरचुकीने कुणाचं नाव राहून गेलं असेल, तर मंडळ दिलगीर आहे."

खालून आवाज आला.

"काका…"

मैदान शांत झालं. ती पुढचा शब्द गोळा करत होती आणि सगळी कॉलनी थांबली होती. तिचं ऐकायला लोकांना थांबावं लागेल, असं मी म्हणालो होतो. थांबले होते.

"नजर… चुकीने?"

मग कुणाला तरी तो कार्यक्रमाचाच भाग वाटला, त्यानं टाळी वाजवली. दुसऱ्यानं वाजवली. बघता बघता सगळ्यांनी. त्या टाळ्यांत ती एकटी बसलेली मला फटीतून दिसत होती. माझ्याकडेच पाहत होती. पडद्याकडे.

मी माइकचं बटण बंद केलं.

दोनतीन दिवसांनी तिची आई दारात आली. आत या म्हटलं तर येईना. "सर, पोरीनं मोबाइलातलं समदं लिव्हलेलं पुसून टाकलं. तुमच्याकडं काय असंल तर तेवढं तरी नका पुसू." माझ्याकडे कागद नव्हता. फक्त डोक्यात होतं. मी मान हलवली. ती गेल्यावर बायको म्हणाली, "जा, जाऊन माफी मागून या. आत्ता." मी म्हणालो, उद्या जातो. त्यानंतर बायको त्या विषयावर बोलली नाही. कार्यक्रमालाही परत कधी आली नाही.

काही महिन्यांत त्यांनी घर सोडलं. वडिलांनी रिक्षा विकून लासलगावला मालवाहू टेम्पो घेतला. मार्केट यार्डात कामं मिळतात म्हणे. मी निवेदन चालूच ठेवलं. दरवर्षी ते शेवटचं वाक्य आलं की जीभ अडखळायची. मग मी ते वाक्य म्हणायचंच सोडून दिलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

एकदा गेलो होतो लासलगावला. बायको गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात. कांद्याच्या ट्रॅक्टरांच्या रांगेत एसटी कितीतरी वेळ अडकली. बरं वाटलं मला, उशीर होतोय म्हणून. घर सापडलं. कल्याणी दारातच खुर्चीत बसलेली होती, मांडीवर मोबाइल. मला पाहून म्हणाली, "या काका." आईनं पोहे केले. मी पोहे खाल्ले. कांद्याचा भाव विचारला. पाणी कसं येतं विचारलं. वडिलांची तब्येत विचारली. अख्ख्या कॉलनीला बांधून ठेवणारा आवाज माझा, पण घशातून एक वाक्य निघेना. उठलो, कुबडी घेतली, चपलेत पाय घातला.

"काका, काही बोलायचं होतं का?"

"नाही गं," मी म्हणालो. "सहज आलो होतो."

सहज.

आता मागच्या गणपतीचं सांगतो. भाऊ थकलेत, त्यांचा मुलगा अध्यक्ष आहे. माझे गुडघे गेले, मीही आता चाकाच्या खुर्चीत. तो घरी आला, पाया पडला. "काका, यंदा तुमचा सत्कार. 'पडद्यामागचा कलाकार'. तुम्ही फक्त या. चढायची काळजी नको, पोरं उचलून घेतील."

मी गेलो. काय करायचं ते ठरवून गेलो होतो असं नाही. पायऱ्यांच्या पायथ्याशी माझी खुर्ची लावली. तीच जागा. फळ्यांचा वास तोच. नाव पुकारलं गेलं, चार पोरं आली, खाली वाकली. आणि माझ्या हातानं चाक धरलं.

"नको," मी म्हणालो.

"काका, पडणार नाही तुम्ही. आम्ही आहोत ना."

"दोन फळ्या टाका. उतार करा. मग येतो."

अध्यक्ष वरून खाली वाकला. "काका, आता ऐनवेळी कुठं फळ्या शोधायच्या? समजून घ्या ना. तुम्ही तर समजूतदार."

"मी घाबरट होतो रे," मी म्हणालो. "तुझे वडील त्याला समजूतदार म्हणायचे. माइक दे खाली."

त्याला वाटलं दोन शब्द आभाराचे बोलतील. दिला. मी खुर्ची वळवली. आयुष्यात पहिल्यांदा हातात माइक असताना माझ्यासमोर माणसं होती. तोंडं दिसत होती. म्हातारी झालेली, नवी आलेली. मी बोललो. "ज्या वर्षी तुम्ही बालवाडीच्या वाक्याला हसलात, फुगडीच्या वाक्याला शिट्ट्या मारल्यात, ते निवेदन माझं नव्हतं. कल्याणीनं लिहिलं होतं. ती इथं खाली बसली होती. तिचं नाव मी घेतलं नाही. ती नजरचूक नव्हती."

एवढंच ऐकू गेलं. माइक गेला. तार कुणी काढली ते मी पाहिलं नाही. मी तसाच बोलत राहिलो, मोठ्यानं, बिनमाइकचं. अध्यक्षानं कोपऱ्यातल्या ढोलवाल्या पोरांना हात केला. ढोल सुरू झाला. नाशिक ढोलासमोर कुणाचा आवाज टिकतो? पुढच्या रांगेला फक्त माझे ओठ हलताना दिसत होते. मी थांबलो नाही. जे बोलायचं होतं ते पुरं बोललो. कुणालाही ऐकू न जाता.

शेजारचे गृहस्थ नंतर म्हणाले, "काका, आनंदाच्या दिवशी कशाला हे जुनं उकरायचं?" दुसऱ्या दिवशी शाल, नारळ आणि डबा घरपोच आला. मी परत पाठवला.

ते ढोलात बुडवलं, म्हणून कागदावर उतरवतोय. या गणपतीलाही मी जाणार. पायऱ्यांच्या बरोबर समोर खुर्ची लावणार. वर जाणाऱ्या प्रत्येकाला, पाहुण्याला, नगरसेवकाला, माझ्या अंगाला वळसा घालून जावं लागेल. उचलू देणार नाही. शाल घेणार नाही. पडद्यामागे माझा आवाज पुन्हा मिळणार नाही. त्या दोन फळ्या पडेपर्यंत, आणि त्यावरून माझ्या आधी दुसरं कुणी वर जाईपर्यंत, मी तिथं बसणार. हटवायचं असेल तर उचलूनच हटवावं लागेल, आणि ते सगळ्यांसमोर करावं लागेल.

कल्याणी, हे तुझ्यापर्यंत पोहोचेल की नाही, मला ठाऊक नाही. लासलगावच्या त्या दारात तू विचारलंस, काही बोलायचं होतं का. होतं. तुझं नाव मला पाठ होतं. जनरेटरवाल्याच्या आधी ते ओठांवर आलं होतं. मी ते डोळे उघडे ठेवून गाळलं. मंडळ कधीच दिलगीर नव्हतं. मी आहे.